सुटी कोणाची, शहर कोणाचे?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा सारांश)



कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील कार्ताहेना हे शहर स्पॅनिशांनी १५३३ साली वसविले. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांची ही मोठी बाजारपेठ. त्या काळची तटबंदी १९८४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केली. आज शनिवार-रविवारी या तटबंदीच्या आत फिरणारी गर्दी केवळ परदेशी धनिकांची नसते. बोगोता आणि मेदेयीन येथील नोकरदार कुटुंबेही तीत मोठ्या संख्येने असतात.

हा बदल कसा घडला? १९८३ च्या कायद्याने कोलंबियातील अनेक सण सोमवारवर ढकलले गेले. अशा जोडसुटीला तेथे ‘पूल’ म्हणतात. पुढे २०१२ साली स्वस्त दराची विमानसेवा सुरू झाली. ती कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. परंतु बोगोताहून बसने जवळजवळ दिवसभराचा असलेला प्रवास दीड तासाचा झाला, ती सवय राहिली. शिवाय खिशात पैसा होता. २००३ ते २००९ या काळात लॅटिन अमेरिका व कॅरिबियन प्रदेशातील मध्यमवर्ग १० कोटी ३० लाखांवरून १५ कोटी २० लाखांवर गेला, असे जागतिक बँकेचा २०१२ चा अहवाल सांगतो. मात्र गरिबीतून वर आलेले, पण मध्यमवर्गात न पोहोचलेले, एका आजारपणात पुन्हा खाली घसरतील असे लोक त्याहूनही अधिक होते, हेही तोच अहवाल सांगतो.

कार्ताहेनात हे दोन्ही थर समोरासमोर येतात. एकाची सुटी हाच दुसऱ्याचा सर्वांत कष्टाचा दिवस. डोक्यावर फळांची पाटी घेऊन फिरणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या मुली, वाळूवर मालिश करणाऱ्या बाया यांच्यापैकी अनेकींना ना ठरलेले वेतन, ना निवृत्तिवेतन.

गेत्सेमानी या वस्तीची कथा तर अधिक बोलकी आहे. ११ नोव्हेंबर १८११ रोजी येथील कारागीर पेद्रो रोमेरोच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आले, म्हणून शहराने स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य घोषित केले. त्याच वस्तीतील घरे आज पाहुण्यांच्या खोल्या झाली आहेत. भाडे आणि मालमत्ता-कर वाढला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी दूरच्या वस्त्यांत गेले. त्यांना कोणी हुसकावले नाही. बाजारभावाने ते काम निमूटपणे केले.

तथापि समाजवाद्यांनी या मध्यमवर्गाला दोष देत बसू नये. विश्रांती हा कामगार चळवळीने झगडून मिळविलेला हक्क आहे. कारकुनाने समुद्र पाहिला, यात वाईट काहीच नाही. प्रश्न इतकाच की, ज्या स्त्रीच्या श्रमावर ही सुटी उभी आहे तिला स्वतःची सुटी कधी मिळणार? पर्यटनाच्या उत्पन्नातून रहिवाशांच्या घरांना संरक्षण, भाड्यावर मर्यादा आणि फेरीवालीला निवृत्तिवेतन मिळाले, तरच ‘पूल’ हे नाव सार्थ होईल. आज त्या पुलावरून एकच वर्ग ये-जा करतो आहे.