मेक्सिकन कुठे मिळेल, काका?



काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलं की माणसाला कविता सुचते, असा एक समज आहे. मला तिथे बसलं की भूक लागते. गेल्या हिवाळ्यात असाच बसलो होतो. मुंबईची एक गाडी येऊन थांबली. दोन मुलगे, दोन मुली उतरल्या. समुद्र बघून झाला, फोटो काढून झाले, आणि त्यांतला एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, तुम्ही इथलेच ना? इथे मेक्सिकन कुठे मिळेल?"

आधी या रस्त्यावर विचारणा व्हायची ती ताज्या मासळीची. मग पंजाबी आलं, मग चायनीज आलं. आता मेक्सिकन. दुसरा कुणी असता तर हसला असता. मी हसलो नाही, कारण हाच प्रश्न वर्षभर आमच्या घरात भांडण होऊन बसला होता.

माझी भाबी घरगुती खानावळ चालवते. भाई गेल्यावर तिनं ती सुरू केली. पाटी साधी, बाकं चार. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हा घरात पैसा येण्याची वाट उरली ती चुलीचीच. त्याच वर्षी माझा पुतण्या परत आला. दहा वर्षं तो प्रवासी जहाजांच्या मुदपाकखान्यात होता. करोनामुळे जहाजं उभी राहिली आणि हा घरी. हाताला चव आहे, डोक्यात हिशेब आहे. त्यानं वर्षभर गिऱ्हाईक पाहिलं आणि एक दिवस आईला म्हणाला, "तू हातानं भाकऱ्या थापतेस, सांदणाला आदल्या दिवशी तांदूळ भिजवतेस, मनगटं धरून रात्र काढतेस. लोकांना हे नको आहे. आपण टाको लावू."

भाबीनं विचारलं, "ते काय असतं?"

तो म्हणाला, "भाकरीत भरून खायचं."

"मग भाकरीत भरून खाऊ दे की. पाटी कशाला बदलायची?"

मी भाबीच्या बाजूनं उभा राहिलो. कवीला असं उभं राहायला आवडतं. पुतण्याला जरा जोरातच म्हणालो, "बाहेरचं खाणं आणून गावाची चव घालवू नकोस." तो काही बोलला नाही. पण पुढचे दोन महिने माझ्याशीही बोलला नाही.

पुढे मुंबईला मुलीकडे गेलो, तेव्हा तिनं मला मुद्दाम एका मेक्सिकन हॉटेलात नेलं. समोर आलेली तोर्तिया मी उलटून पाहिली. मक्याची भाकरीच ती. फरक एवढाच, की तिकडे मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, मग वाटतात. त्यासाठी त्यांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जो दगड वापरत आल्या तो आपल्या पाट्याचा सख्खा भाऊ. पानात गुंडाळून वाफवलेला एक प्रकार आला. मला आमच्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या. चटणीत सुकी लाल मिरची, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर. मुलगी विचारत होती, "कसं आहे?" आणि मी मनात म्हणत होतो, यात बाहेरचं काय आहे?

घरी आल्यावर वाचायला बसलो. बी.ए. झालेल्या माणसाला एवढी खोड असतेच. आणि श्रोतेहो, जे कळलं त्यानं माझी मान खाली गेली.

मिरची आपली नाही. ती मूळची मेक्सिकोची. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या बाजूला पोचला, त्यानंतर ती युरोपला आली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. आमच्या तिखटाचं काम त्याआधी मिरी आणि पिंपळी करायची. मिरची हे नावही मिरीवरूनच आलं. आता पोर्तुगीज कुठे होते? आमच्या दारात! काशीदहून अलिबागच्या दिशेनं निघालात की कोर्लई लागतं, खाडीपलीकडे रेवदंडा आणि चौल. १५२१ पासून १७४० पर्यंत चौलला पोर्तुगीज होते. कोर्लईच्या गावठाणात आजही काही शे माणसं पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली घरात बोलतात. तिला ती 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. रेवदंड्यात रशियन प्रवासी अफानासी निकितिन याचं स्मारक आहे. तो १४७० च्या सुमारास चौलला उतरला. मला गंमत ही वाटते, की त्यानं इथे जे कालवण खाल्लं असेल त्यात मिरची नव्हती. म्हणजे आज आपण ज्याला अस्सल कोकणी चव म्हणतो, ती त्या बिचाऱ्याला मिळालीच नाही.

एकट्या मिरचीचं काय घेऊन बसलात! टोमॅटो हे नाव मेक्सिकोच्या नावात्ल भाषेतलं. आपण घरगुती म्हणून हाक मारतो तो चिकू, त्याचंही नाव तिथलंच. पपई, मका, लाल भोपळा त्याच मुलखातले. बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतले, काजू ब्राझीलचा. आमच्या शेजारच्या काकूंकडे मी लहानपणापासून एकादशीची साबुदाण्याची खिचडी खात आलो आहे. साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची: उपवासाचं ते सगळं ताट समुद्रापलीकडून आलेलं. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे. देवाला चाललं ना?"

आणि आपणही काही कमी पाठवलेलं नाही. मेक्सिकोत चिंचेचं सरबत घरोघर पितात. चिंचेला तिकडे जे नाव आहे ते अरबी 'तमर हिंदी' वरून गेलं, म्हणजे हिंदचा खजूर. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि अकापुल्को यांच्या दरम्यान स्पेनची गलबतं ये-जा करत. त्या वाटेनं आशियातले खलाशी, आंबा, नारळ तिकडे पोचले. कोलिमा नावाच्या प्रांतात आजही माडाची माडी काढतात, ती फिलिपिन्सच्या माणसांनी शिकवलेली. आमच्याकडच्या जुन्या बायका सांदणाचं पीठ फुगवायला ताजी माडीच घालत. दोन्ही किनाऱ्यांना एकमेकांची खबर नाही, आणि भांड्यात मात्र तेच.

तेव्हा कुणी मला विचारलं, की या भागात तुमची आवडती मेक्सिकन ठिकाणं कुठली, तर मी आता बेधडक सांगतो.

पहिलं ठिकाण नागाव, चौल, रेवदंडा इथल्या वाड्या. नारळी-पोफळीच्या सावलीत तिथे घरगुती जेवण मिळतं. कडव्या वालाचं बिरडं आणि लाल भोपळ्याचे घारगे सांगा. वाल आपले, भोपळा मेक्सिकोचा, गूळ आपला. सोबत अलिबागचा पांढरा कांदा मागा. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण तो आधीही गोडच होता.

दुसरं, अलिबागेतलं सानमान आणि मुरूडची पाटील खानावळ. ही नावं मुंबईकरांना माझ्याइतकीच ठाऊक आहेत. तिथे मासळीचं ताट घ्या. रश्श्याचा लाल रंग बघा आणि त्या गलबतांची आठवण काढा.

तिसरं ठिकाण पक्कं नाही, कारण ते शेतात असतं. डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, रताळी, अंडी, जमलं तर मसाला लावलेली कोंबडी. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करायचं आणि भोवती पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या. हे हॉटेलात मिळत नाही. त्यासाठी शेतकरी ओळखीचा लागतो आणि थंडीत तासभर उभं राहण्याची तयारी लागते.

चौथं ठिकाण म्हणजे मे महिन्यातलं कुठलंही अंगण. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या उन्हात पसरलेल्या असतात. घरातली बाई एकेक देठ खुडत असते आणि जाणारा-येणारा शिंकत असतो. तिथे खायला काही मिळणार नाही, पण वर्षभराचं खाणं तिथेच तयार होत असतं.

आणि पाचवं, भाबीची खानावळ. वशिल्यानं सांगतोय असं समजा हवं तर.

मुंबईहून परतल्यावर मी आधी पुतण्याकडे गेलो. म्हटलं, "चुकलं माझं. तुझा टाको परका असेल तर तुझ्या आईचं कालवणही परकंच." तो हसला. दोन महिन्यांनी हसला. मग आम्ही दोघं भाबीकडे गेलो. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मी मिरचीची सगळी कहाणी सांगितली. मेक्सिको, कोलंबस, पोर्तुगीज, चौल. तिनं लसूण न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, "मिरची येऊ दे कुठनंही. एवढी वर्षं ती कांडली कुणी?"

मी गप्प झालो. एवढी पुस्तकं वाचून ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. गलबतातून उतरलेली मिरची गोणीतच राहिली असती तर ती परकीच राहिली असती. कुणीतरी ती वाळवली, खुडली, कांडली, हात जाळून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. गावाची चव बाहेरचं आल्यानं जात नाही. रोज करणारा हात थांबला की ती जाते. आणि भाबीची मनगटं आता खरंच दुखतात. रात्री ती तेल लावून बसते, ते मीही पाहिलं होतं. पाटीवरून भांडताना मी तेवढं सोयीनं विसरलो होतो.

भाबीनं लेकाला अट घातली. म्हणाली, "लाव तुझं काय ते. पण आधी माझ्यासारखी भाकरी थापून दाखव. सांदण करून दाखव. मग पाटीवर काय लिहायचं ते लिही."

जून-जुलैत मासेमारी बंद असते, गिऱ्हाईक कमी. त्या पावसाळ्यात पुतण्या रोज परातीशी बसला. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गरम असतानाच मळायची, पाण्याचा हात लावून थापायची. पहिल्या भाकऱ्या कोंबड्यांनी खाल्ल्या. नंतरच्या आम्ही. ऑगस्ट सरेपर्यंत भाकरी फुगायला लागली. आता शनिवार-रविवारी तो उकडीची लहान भाकरी करतो, दुमडतो, आत तळलेली कोळंबी, पांढरा कांदा, टोमॅटो आणि घरच्या मसाल्याची चटणी घालतो. भाबीनं पहिला घास घेतला तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "दुमडली म्हणजे परदेशी झाली होय? मीठ कमी आहे."

सांदण मात्र अजून त्याला साधलेलं नाही. कधी पीठ फुगत नाही, कधी फुगतं आणि बसतं. जहाजावर हजार माणसांचा स्वयंपाक केलेला हा मुलगा वाटीभर सांदणापुढे हात टेकतो. भाबी सांगते, "पीठ बघून कळतं." ते कसं बघायचं हे तिलाही सांगता येत नाही. म्हणून तो शेजारी उभा राहतो आणि बघतो. तिचा हात चालतो आहे तोवर त्याला ते जमलं पाहिजे, एवढीच आता माझी काळजी आहे. पाटीचं काय, ती रंगवता येते.

त्या दिवशी सुरूच्या झाडांखाली त्या मुलाला मी म्हटलं, "मेक्सिकन हवंय? चला." चौघांना भाबीकडे नेलं. त्यांनी दुमडलेल्या भाकऱ्या खाल्ल्या, मग सुरमईचं कालवण आणि भात मागवला. घाम पुसत, नाक ओढत जेवले. शेवटी त्यांतली एक मुलगी म्हणाली, "काका, टाको ठीक आहे, पण या कालवणात मेक्सिकन काय होतं?" मी तिला तिची बोटं दाखवली. लाल झाली होती.

तुम्हीही या. फक्त सांदण हवं असेल तर एक दिवस आधी कळवा. तांदूळ भिजवावे लागतात.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)