आरंभीचे विश्व वाहते होते

विश्वाच्या पहिल्या सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांतला प्रकाश कोणत्याही दुर्बिणीत येत नाही. तोवर मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नव्हते. त्याआधीचे द्रव्य कसे होते हे पाहायचे तर ते पुन्हा तयार करावे लागते. ते काम कणत्वरकांचे. महास्फोटाची कथा व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना पाठ असते, म्हणून ती येथे सोडली आहे.

‘प्रयोगशाळेत महास्फोट’ हा वर्तमानपत्री मथळा मात्र सोडता येत नाही, कारण तो चूक आहे. त्वरकात महास्फोट होत नाही, जड अणूंची केंद्रके समोरासमोर आदळतात. अमेरिकेत ब्रुकहेवनला सोन्याची, जिनिव्हाजवळ सर्नमध्ये शिशाची. ब्रुकहेवनला मोजलेले तापमान सुमारे 4 लाख कोटी अंश, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाख पट होते. अशा तापमानाला प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून त्यांच्यातले क्वार्क आणि ग्लुऑन सुटे होतात. पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सगळे विश्व याच अवस्थेत होते.

सर्नच्या त्वरकाचे वर्तुळ 27 किलोमीटर परिघाचे. त्यात 1,232 मुख्य चुंबके, प्रत्येक 15 मीटर लांब, उणे 271 अंशांवर ठेवलेले. तीसहून अधिक टनांचे हे धूड मिलिमीटरच्या अंशाइतके अचूक बसवावे लागते. त्यासाठीचे सुमारे 7,000 जॅक भारतातून गेले. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राचा त्यात मोठा वाटा. (टाळ्या.) भौतिकशास्त्राच्या व्याख्यानात जॅकचे कौतुक कशाला, असा आक्षेप येतो. पण चुंबक तसूभर सरकले तर कणांचा झोत भरकटतो, आणि मग क्वार्कवर बोलायला काही उरत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सर्नच्या सीएमएस शोधयंत्राला, कोलकात्याच्या एका केंद्राने तेथल्याच ॲलिस शोधयंत्राला काय दिले, हेही सांगण्याजोगे आहे. पण घड्याळ दिसते आहे आणि मुख्य मुद्दा अजून बाकीच आहे.

तो मुद्दा असा. सुट्या क्वार्क-ग्लुऑनांचे हे द्रव्य विरळ वायूसारखे असेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. केंद्रके थोडी बाजूला आदळली की मधला भाग बदामी आकाराचा होतो. वायू असता तर कण सर्व दिशांना जवळपास सारखेच उडाले असते. प्रत्यक्षात बदामाच्या आखूड बाजूने जास्त कण निघाले, कारण तिकडे दाबाचा उतार तीव्र होता. असा एकत्रित प्रवाह विरळ वायूला जमत नाही, द्रवाला जमतो. 2005 साली ब्रुकहेवनने जाहीर केले, की हा जवळजवळ शून्य चिकटपणाचा द्रव आहे. 2010 मध्ये सर्नलाही प्रवाह तसाच आढळला. एवढे झाल्यावरही काही पाठ्यपुस्तके ‘कणांचा तप्त वायू’ लिहितात, ही निव्वळ सवय होय. (हशा.)

प्रयोगात तयार होणारा या द्रवाचा थेंब आणि आरंभीचे विश्व यांत फरक आहेच. थेंब विश्वाच्या मानाने कितीतरी पट वेगाने थंड होतो. शिवाय 2006 च्या संगणकीय गणितानुसार विश्वातला हा द्रव बुडबुडे न येता, हळूहळू प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये बदलला. त्यामुळे त्या बदलाची ठळक खूण आकाशात उरण्याची शक्यता कमी आहे, आणि पुरावा शोधायचा तो त्वरकातच.