फोटो चुकला तर

इथे गिरडच्या टेकडीवर, बाबा फरीदांच्या दर्ग्यावर, सगळ्या धर्मांचे लोक येतात. उद्या त्या गर्दीतला तुमच्या भावाचा फोटो एखाद्या चॅनेलने भलत्याच गुन्ह्याच्या बातमीत दाखवला तर?

असं एका मोठ्या माणसाबाबत घडलंय. सप्टेंबर २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने पीएफ घोटाळ्याच्या बातमीत न्या. सामंता यांच्याऐवजी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. जेमतेम पंधरा सेकंद. सावंत सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यांना १०० कोटी मंजूर केले. (रक्कम मलाही पटत नाही. एवढ्यात जिल्ह्याचं वर्तमानपत्र कायमचं बंद पडेल.)

पण तिथे एक चेहरा होता. ‘मुसलमान असेच’ म्हटलं, तर हा कायदा सहसा चालत नाही. ओळखू येणारी व्यक्ती किंवा ठरावीक गट लागतो. २०२० मध्ये तबलिगी जमातीविरुद्धच्या प्रचारावर औरंगाबाद खंडपीठाने कडक ताशेरे ओढले, तेही परदेशी तबलिगींवरचे एफआयआर रद्द करताना. भरपाईचा तिथे प्रश्नच नव्हता.

भावाच्या फोटोचं मात्र तसं नाही. तो दावा करू शकतो, मुदत एकच वर्ष. म्हणून रागाच्या भरात क्लिप ग्रुपवर फिरवू नका, त्याने त्याचीच बदनामी वाढते. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. पूर्ण व्हिडिओ उतरवून घ्या, लिंक, तारीख, वेळ लिहा, मूळ फाइल कापू नका आणि त्याच आठवड्यात वकिलाला गाठा.