नवी काठी आणि कसलेला हात

हॉकी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मोकळें मैदान व पांढरा चेंडू येतो. कॅनडांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरील हॉकी. तेथें चेंडूच्या जागीं काळ्या रबराची चपटी चकती असते. त्या खेळांतील काठी बदलली, कीं कसलेल्या खेळाडूचा हातहि कांहीं दिवस चांचपडतो. असें कां होतें, आणि त्यावर उपाय काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम दांड्याचा विचार करूं. त्यावर ७५, ८५, १०० असा एखादा अंक छापलेला असतो. दांडा दोन्ही बाजूंस टेकवून मध्यावर एक इंच वांकविण्यास सुमारें किती पौंड भार लागेल, तें हा अंक सांगतो. जोराचा फटका मारतांना खेळाडू चकतीच्या किंचित् मागें बर्फावर काठी आदळतो; दांडा धनुष्याप्रमाणें वांकतो आणि सरळ होतां होतां सांठविलेलें बळ चकतीस देतो. ताठपणा बदलला, कीं वांकविण्यास लागणारें बळ बदलतें आणि दांडा सुटण्याचा क्षणहि बदलतो. हात मात्र जुन्याच क्षणाची वाट पाहत असतो.

आपलें वजन जितके पौंड, त्याच्या निम्म्याइतका अंक घ्यावा, असा ढोबळ ठोकताळा आहे. कोणी आईबाप काटकसरीपोटीं मोठ्यांची काठी कापून मुलाच्या हातीं देतात. पण दांडा आंखूड केला, कीं तो अधिकच ताठ होतो. ६० पौंड वजनाच्या मुलाला तो वांकतच नाहीं. आणि दोष काठीचा असतां, आपल्याच अंगांत बळ नाहीं, असें तें बिचारें समजतें.

आतां पात्याचा बांक. आपल्या मैदानी हॉकींत काठीच्या सपाट बाजूनेंच खेळावें लागतें. बर्फावर पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. १९६० नंतरच्या दशकांत शिकागो संघाच्या स्टॅन मिकिटा व बॉबी हल यांनीं वांकविलेलें पातें लोकप्रिय केलें. अंतर्गोल बाजूनें चकती झटकन् उचलली जाते. उलट बाजूनें मात्र ती निसटूं पाहते. एका बाजूच्या नफ्याची किंमत दुसऱ्या बाजूस मोजावी लागते. नियमांनींहि बांकास मर्यादा घातली. १९९३ च्या स्टॅनले चषकाच्या अंतिम मालिकेंतील दुसऱ्या सामन्यांत लॉस एंजेलिसचा संघ २-१ असा पुढें होता. शेवटच्या दोन मिनिटांत मॉन्ट्रियलच्या मागणीवरून मार्टी मॅक्सॉर्ले याची काठी मोजण्यांत आली. बांक तेव्हांच्या अर्ध्या इंचाच्या मर्यादेहून अधिक भरला. त्याला शिक्षा होऊन बाहेर बसावें लागलें. मॉन्ट्रियलनें बरोबरी साधली, जादा वेळांत सामना जिंकला, आणि पुढें चषकहि नेला.

मग नव्या काठीशीं जुळवून कसें घ्यावें? एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दांड्याचा अंक बदलला तर बांक जुनाच ठेवावा. आरंभीं जोराचे फटके न मारतां चकती नुसती द्यावी व घ्यावी. मग सुलट बाजूनें मारावें, मग उलट बाजूनें. चकती सारखी गोलावरून जात असेल, तर फटक्याच्या शेवटीं मनगट वळवून पातें खालीं ठेवावें. आणि हें सर्व सरावाच्या दिवसांत. सामन्याच्या दिवशीं नवी काठी उचलूं नये.

इतकें करूनहि जमलें नाहीं, तर खेळाडूनें स्वतःस बोल लावूं नये. दांड्यावरील अंकाकडे पुन्हां पाहावें. हातानें काठी ओळखावी हें खरें. परंतु काठीहि त्या हाताच्या मापाची असली पाहिजे.