पेटीला लागलेली कीड

भारजा नदी जेथे समुद्रास मिळते त्या केळशी गावात चैत्रातील महालक्ष्मीच्या उत्सवाची चाहूल लागली, की भजनी मंडळांच्या आणि घरोघरच्या पेट्या, तबले, मृदंग कपाटांतून बाहेर निघतात. आणि एखाद्या पेटीखाली तांदळाच्या पिठीसारखी बारीक भुकटी सांडलेली दिसताच वडीलधारी मंडळी तातडीने रॉकेलची बाटली मागवितात. माझी पहिली विनंती अशी, की ती बाटली जागच्या जागी राहू द्यावी. रॉकेल पॉलिश खराब करते, भात्याच्या चामड्यात मुरते, त्याचा दर्प वर्षभर जात नाही, आणि आतील अळीपर्यंत ते बहुधा पोहोचतही नाही.

हा उपद्रव वाळवीचा नव्हे. वाळवी मातीच्या नळ्या बांधीत येते. येथे अपराधी आहे तो चार-पाच मिलिमीटर लांबीचा एक तपकिरी भुंगेरा. त्याची मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते, अळी आतल्या पिष्टमय अंशावर महिनोन्महिने निर्वाह करते, आणि पूर्ण वाढ झालेला भुंगेरा एक-दोन मिलिमीटरचे वाटोळे छिद्र पाडून निघून जातो, तेव्हा कोठे आपणांस या गुप्त मुक्कामाची वर्दी मिळते. छिद्र दिसले याचा अर्थ एक किडा गेला. आत किती उरले, हाच खरा प्रश्न. पिष्ट असते ते सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात, गाभ्यात ते जवळजवळ नसते. म्हणून फणसाच्या पिवळ्या गाभ्यातून कोरलेले मृदंगाचे खोड पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि कडेचा पांढरा पट्टा राहून गेलेले खोड लवकर पोखरले जाते. शिवाय बाहेरून कितीही झगझगीत पॉलिश असले, तरी तबल्याच्या खोडाची आतली बाजू व पेटीच्या तळाची फळी बहुधा कोरीच असते, आणि मादी नेमका तोच दरवाजा शोधते. पुडी बदलावयास दिली, की खोडात डोकावून पाहावे. ती संधी पुन्हा लवकर येत नाही.

उपचारापूर्वी चौकशी व्हावी. जुनी भुकटी पुसून छिद्रांत मेण भरावे, वाद्य काळ्या कागदावर ठेवावे आणि महिना-दीड महिना कोणी हलवू नये, कारण हलविल्याने जुनी भुकटीही गळते. नवी भुकटी पडली वा नवे छिद्र उमटले, तरच कीड जिवंत समजावी. तशी ती ठरल्यास, वस्तुसंग्रहालये वापरतात तो शीतोपचार मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो: वाद्य जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये अखंड दोन आठवडे ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नये, नाहीतर दव थेट लाकडावर धरते. तबल्याची पुडी आधी उतरवावी. जुन्या, भेगाळलेल्या वा मोलाच्या वाद्याविषयी कारागिराचा सल्ला घेतल्यावाचून हा मार्ग धरू नये. मध्येच वीज गेली तर दिवस नव्याने मोजावे लागतात, हे कोकणातील श्रोत्यांस निराळे सांगावयास नको! कीटकनाशक वापरणेच प्राप्त झाले, तर ते जाणकाराकडून आणि फक्त कोऱ्या लाकडास लावून घ्यावे. पितळी सुरांवर व भात्यावर त्याचा थेंबही पडू नये. कडक उन्हात वाद्य ठेवल्याने सरस सुटतो व फळ्या वाकतात. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला लाकडाच्या पोटातील अळीचे काही बिघडवीत नाहीत.

ज्या पेटीला आकाशवाणीने १९४० साली मज्जाव केला आणि १९७१ पर्यंत तो सैल केला नाही, तिच्या आरोग्याची चिंता आज त्याच आकाशवाणीवरून वाहिली जात आहे, ही गंमत बाजूस ठेवू. देवस्थानांची व मंडळांची वाद्ये ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या पंचांस व कार्यवाहांस माझी एवढीच अर्जी आहे, की पावसाळा सरताच प्रत्येक वाद्याची तपासणी करून दप्तरी तशी नोंद ठेवावी, आणि कीड लागलेले वाद्य निर्दोष ठरेपर्यंत इतरांपासून वेगळे ठेवावे. कोणी मागितले तरी उसने देऊ नये.