नव्या भाषेचा गृहप्रवेश



भीमाशंकरच्या वाटेवरील या गावी संगणकाच्या कोडविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या गावाभोवती दऱ्या आहेत, त्याला आजचा विषय परका नाही. तो कसा, ते पुढे येईलच.

खुल्या, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता येतो आणि त्यात बदल सुचविता येतो. सुचविलेला बदल स्वीकारला जातोच, असे मात्र नव्हे. प्रत्येक भागाला सांभाळणारे असतात. ते बदल तपासतात, शंका विचारतात आणि समाधान झाले तरच तो मूळ कोडात विलीन करतात. बदल नव्या भाषेतला असला, की ही परीक्षा अधिकच कठीण होते.

लिनक्सचे उदाहरण घ्या. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या या प्रणालीचा गाभा मुख्यत्वे सी भाषेतला. स्मृतीच्या हाताळणीतील पुष्कळ चुका कोड चालण्यापूर्वीच पकडणारी रस्ट ही भाषा डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ या आवृत्तीतून त्यात आली. तीही प्रयोग म्हणून आणि अगदी थोड्या कोडानिशी. तरीही वाद मिटला नाही. काही जुन्या जाणत्यांचा प्रश्न साधा होता : सीमधला भाग मी उद्या बदलला आणि त्यावर विसंबलेला रस्टचा भाग मोडला, तर तो दुरुस्त कोणी करायचा? याला हटवादीपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्याला दर पावसाळ्याआधी घर शाकारावे लागते, तो नव्या पडवीविषयी असे विचारणारच.

आता आपल्या दऱ्यांकडे येऊ. 'दऱ्या' डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. मराठीला हा भेद हवाच. युनिकोडमध्ये 'दऱ्या'तला र लिहिण्याच्या दोन रीती आहेत : एक नुक्ता असलेल्या 'ऱ'ची, दुसरी साध्या 'र'पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसरीने शोधला, तर तो सापडेलच असे नाही.

असा दोष कोणी दूर करू पाहील, तर परीक्षकाला मराठी येत नाही, हे त्याने धरून चालावे. आमच्या भाषेवर अन्याय झाला, एवढ्याने भागत नाही. पडद्यावर अक्षरे जुळविणाऱ्या हार्फबझ या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ यांचा कारभार बराचसा एकाच कोडातून चालतो. मराठीसाठी बदललेली ओळ बंगाली अक्षर मोडू शकते. म्हणून बदल लहान असावा, एका वेळी एकच असावा आणि त्यासोबत 'दऱ्या' व 'दर्या', 'आचाऱ्यांना' व 'आचार्यांना' अशा जोड्यांची चाचणी द्यावी. त्या चाचणीमुळे मराठी न जाणणाऱ्यालाही चूक दिसते, आणि पुढे कोणाच्या हातून ती पुन्हा झाली तर यंत्रच ओरडते.

परंतु खरी कसोटी विलीनीकरणानंतरची आहे. घरात घेतलेल्या नव्या भाषेचे उद्या कोण पाहणार, हा घरधन्याचा प्रश्न आहे; आणि मराठीपुरते त्याचे उत्तर मराठी माणसानेच द्यावयाचे आहे. येथील शाळांतून संगणक शिकणाऱ्या मुलामुलींपैकी दोघांनी जरी ही राखण पत्करली, तरी आपल्या दऱ्यांचा दर्या होणार नाही.