रिकामा डबा आधी कशाचा होता?

(जिल्हा मेळाव्यात महिला कार्यकर्त्यांच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मंडपात कापसाच्या भावावर बोलणं झालं, कर्जावर झालं, विजेवर झालं. आता जेवणाआधीची पंधरा मिनिटं आम्हा बायांना दिली आहेत. या पंधरा मिनिटांत आम्ही तुम्हाला तुमच्याच घरात नेणार आहोत. माळ्यावर काय काय पडलंय ते आठवा. तेलाचा रिकामा डबा, फाटकी लुगडी, खताची पोती, सायकलची जुनी ट्यूब, तडकलेला माठ, बियाण्याच्या पिशव्या. यातलं काही आपण फेकलेलं नाही. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलंय, आणि खरंच ते कधीतरी लागतं.

काटकसर शिकवायला आम्ही उभ्या नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी जाऊन काटकसर शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. शहरात हल्ली टाकाऊतून टिकाऊ शिकवण्याचे वर्ग भरतात आणि त्याला फीसुद्धा असते. आपल्या आज्यांनी हेच काम जन्मभर केलं, त्याची मजुरी कोणी कधी हिशेबात धरली नाही. ते असो. आज सांगायचं आहे ते वेगळं. जुनी वस्तू नव्या कामाला लावताना 'ही कशाला उपयोगी पडेल' एवढंच आपण पाहतो. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो: ही वस्तू आधी कशाची होती?

गोधडीपासून सुरुवात करू. जुनं सुती लुगडं किंवा धोतर धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. त्याचे थर एकावर एक घालून धावदोरा मारला की थरांत हवा अडकते आणि थंडीत ऊब धरते. शिवाय ते घाम पितं. टेरिलीन-पॉलिस्टरच्या साड्यांची गोधडी दिसायला झकास, पण थर एकमेकांवरून सरकतात, टाके उसवतात, अंगाला चिकचिक होते. चुलीची ठिणगी पडली तर सुती कापड जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. तान्ह्या लेकराच्या दुपट्यात तर ते नकोच. म्हणून बोहारीण दारात आली की उलटा व्यवहार करा. आपण तिला जुनंपानं सुती देऊन टाकतो आणि चमकणारी साडी ठेवून घेतो. चमकणारी तिला द्या, सुती घरात ठेवा.

सुती लुगड्याची खरी किंमत वेचणीत कळते. इथं जरा थांबून ऐका, कारण यात घरधन्याच्या पैशाची गोष्ट आहे. कापूस वेचताना आपण कमरेला ओटी बांधतो. खताची पोती फुकटात घरात पडलेली असतात, म्हणून बऱ्याच घरांत ओटीही त्याचीच, बांधावर कापूस ओतायचा तोही त्यावर, आणि भरून घरी आणायचा तोही त्यातच. त्या पोत्याचं विणकाम प्लास्टिकच्या पट्टीचं असतं. उन्हानं ती पट्टी कुजते आणि तिचे धागे सुटतात. ते कापसात गेले की हातानं निवडून निघत नाहीत. जिनिंगमध्ये त्यांचे बारीक तुकडे होतात, रुईत मिसळतात, रुईतून सुतात जातात. या धाग्याला रंग चढत नाही. कापड रंगवलं की तेवढ्या जागी पांढरा डाग राहतो आणि गिरणीवाला बोंब मारतो. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात बाजार आवारं आणि जिनिंग कारखाने सुधारण्याचं काम होतं. आपली रुई कचऱ्यामुळे बदनाम होती, हे त्यामागचं एक कारण. पण कचरा काही फक्त जिनिंगमध्ये शिरत नाही, तो आपल्या ओटीतूनही जातो.

व्यापारी ढिगात हात घालतो, धागा निघाला की भाव तोडतो. स्वच्छ कापूस नेला तर तो वर दोन पैसे देतोच असं नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण त्याच्या हातात आपणहून निमित्त कशाला द्यायचं? ओटी सुती लुगड्याची, गाठोडं बांधायचं तेही सुती धोतराचं, आणि डोक्याला फडकं बांधून वेचायचं, कारण आपला केसही कापसात सापडतो. पोत्याला दुसरी कामं पुष्कळ आहेत. पावसात डोक्यावर घ्यायला घोंगता करा, गोठ्याच्या कुडाला आडोसा करा, कांदे-बटाट्याखाली अंथरा. मात्र खताचं पोतं कितीही धुतलं तरी त्यात पीठ, डाळ, ज्वारी भरू नका. शिवणीत आणि विणीत खताचे कण राहतात, ते पावसाळ्यात पाणी ओढतात आणि धान्याला ओल लागते.

पॉलिस्टरच्या साड्यांचं काय करायचं, हे रानडुकरांनी आणि रोह्यांनी आपल्याला शिकवलं. गावोगाव शेताच्या कडेला साड्यांचं कुंपण दिसतं. वाऱ्यानं रंगीत कापड हललं की जनावर बिचकतं. महिनाभरानं त्याला सवय होते, तेव्हा साड्यांच्या जागा आणि रंग बदलत राहावं लागतं. फक्त कापूस फुटायला लागला की कपाशीला लागून असलेल्या चिंध्या सोडून घ्या, नाहीतर मघाच्या पोत्यासारखंच तिचेही धागे बोंडात जातील. ज्वारी हुरड्यात आली की पूर्वी कॅसेटची फीत दोन काठ्यांना ताणून बांधत. वाऱ्यात ती भणभणायची आणि पाखरं उठायची. आता कॅसेटच उरल्या नाहीत. गोफण आणि डबा वाजवणं मात्र अजून आहे.

माठाचं एक सांगतो. गळ्यापाशी तडकलेला माठ फेकू नका. परसात शेवग्याच्या किंवा कढीपत्त्याच्या रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरा, भरून ठेवा, वर झाकण घाला म्हणजे डास होणार नाहीत. माठ पाझरतो आणि मुळाला लागेल तसं पाणी मिळतं. उन्हाळ्यात रोज बादली ओतण्यापेक्षा कितीतरी कमी पाण्यात रोप जगतं. पण माठ बाहेरून पाझरणारा हवा. ज्या माठात पाणी गार होणं बंद झालं, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. तो पुरला तर नुसता पुरलेला राहील.

आता मुख्य गोष्ट. माळ्यावरच्या एका वस्तूचं नाव आम्ही मुद्दाम घेतलं नव्हतं. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा.

आपण त्याला औषध म्हणतो, घोटाळा तिथूनच सुरू होतो. औषधाचा डबा म्हटला की पोरालाही वाटतं, चांगलीच वस्तू असेल. डबा असतो मजबूत, झाकण घट्ट, मूठ चांगली. बाजारात तसा डबा घ्यायचा तर पैसे पडतात. म्हणून घरधनी तो घरी आणतात, आम्ही बाया राखेनं, साबणानं चार वेळा घासतो, वास गेला की समाधान मानतो आणि त्यात घासलेट, तेल, कधी शेतात न्यायचं पाणी भरतो. वास गेला म्हणजे विष गेलं असं नसतं. प्लास्टिक औषध पितं. ते भिंतीत मुरतं, झाकणाच्या आट्यांत बसतं, आणि तेलासारख्या वस्तूत हळूहळू उतरतं.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. तपासणीत तेलात आणि उरलेल्या अन्नात मोनोक्रोटोफॉस निघालं. हे नाव कपाशीवाल्यांना सांगायला नको. तेल औषधाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं असावं, असा संशय तेव्हा अधिकाऱ्यांनी बोलून दाखवला होता. आपल्याकडे २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. ती बाधा फवारताना झाली, डब्यामुळे नाही. पण नुसतं अंगावर उडून आणि श्वासातून जाऊन माणूस मारणारी वस्तू ज्या डब्यात होती, त्या डब्यात आपण लेकरांचं पाणी भरतो, एवढं ध्यानात घ्या.

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा त्रिकोण पाहून कोणी म्हणेल, हा चालेल. चालत नाही. कोणत्याच रंगाचा डबा घरात चालत नाही.

मग त्याचं करायचं काय? शेतात पंप भरतानाच डबा रिकामा झाला की त्यात पाव भाग पाणी घाला, झाकण लावून खळखळून हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. यात तुमचाच फायदा आहे, पैसे देऊन घेतलेलं औषध बुडाशी राहत नाही. मग तिथंच खिळ्यानं किंवा सळईनं बुडाला दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे तो डबा कोणाच्याच घरात पाण्याचा होणार नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं आहे की रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून बाहेर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून लांब पुरावेत. विहीर आणि नाला यांपासूनही लांब पुरा. जाळू नका, त्याचा धूर विषारीच. भंगारवाल्याला आख्खा डबा देऊ नका. तुमच्या घरातून गेलेला डबा दुसऱ्याच्या माळ्यावर जातो, किंवा त्यात बनावट माल भरून पुन्हा तुमच्याच गळ्यात पडू शकतो.

याच्या उलट चाल तर याहून वाईट. शेजारी येतो, म्हणतो, दोन ढक्कन औषध द्या हो, आमचं संपलं. आपण थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून देतो. ती बाटली त्याच्या घरी कोनाड्यात राहते. दारू प्यालेला माणूस, तहानलेलं पोर, अंधारात उठलेली म्हातारी, यांना बाटली ओळखीची वाटते. शेजाऱ्याला नाही म्हणू नका, पण त्याला पंप घेऊन आपल्या शेतात बोलवा आणि पंपातच ओता. औषध आपल्या डब्यातून दुसऱ्या कोणत्याही भांड्यात जाऊ देऊ नका.

बियाण्याचंही तसंच. उरलेलं ज्वारीचं बियाणं गुलाबी-लाल दिसतं, कारण त्याला विष चोळलेलं असतं. ते धुऊन दळू नका, कोंबड्यांना टाकू नका. त्याच्या पिशवीत हळद-तिखट भरू नका, कितीही चांगल्या कापडाची असली तरी. औषध कालवायची बादली एकच ठेवा, तिला बाहेरून लाल पट्टा ओढा, ती गोठ्यातल्या पाण्याला लावू नका. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात घालू नका, हे तर आम्ही बायांनीच पाळायचं.

एवढं करूनही कोणाला बाधा झालीच, तर मिठाचं पाणी पाजून उलट्या काढत बसू नका. अंगावरचे कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, सरळ दवाखाना गाठा, आणि डबा किंवा त्यावरचा कागद सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा औषधाचं नावच विचारतात.

आता कोणी म्हणेल, डबा घेतलात काढून, मग वावरात पाणी कशात न्यायचं? खाद्यतेलाचा पाच लिटरचा किंवा पंधरा लिटरचा कॅन घ्या. तो आधी तेलाचा होता, खायच्या तेलाचा. गरम पाणी आणि खायचा सोडा घालून दोनदा हलवा, मग थोडं ज्वारीचं पीठ घालून हलवा, तेलकटपणा निघतो. एक दिवस उन्हात उघडा ठेवा. बाहेरून गोणपाट गुंडाळून शिवून टाका. ते ओलं करून कॅन बांधावरच्या लिंबाला टांगला की दुपारपर्यंत पाणी गार राहतं. हा कॅन आपल्या घरात असतोच. औषधाचा डबा जास्त मजबूत म्हणून तो मागं पडतो, एवढंच.

जेवणानंतर मंडपाच्या डाव्या बाजूला असे शिवलेले चार कॅन ठेवले आहेत, ते पाहून जा. गावी गेल्यावर त्याच संध्याकाळी माळ्यावर चढा आणि औषधाचे जेवढे डबे सापडतील तेवढे खाली काढा. ज्यांत तेल, घासलेट, पाणी, बियाणं काही भरलेलं असेल ते आधी. भरलेलं घासलेट वाया जाईल म्हणून डबा तसाच ठेवू नका. किती डबे निघाले तो आकडा गावच्या शाखेत लिहून द्या. पुढच्या जिल्हा बैठकीत आम्ही गाववार आकडे वाचून दाखवणार आहोत.